इंजिनाचं नंतर, आधी दार का लोंबतंय ते बघा

तुम्ही विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचं कुणालाही समजेल. वडिलांनी 1984 मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी देवरुखजवळच्या गावी, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत 2009 पासून उभी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तुम्ही पुण्यात. गणपतीला गावी गेलात तेव्हा ताडपत्री काढून बघितलीत. इंजिन जाम, चारही टायर बसलेले, सीटमध्ये उंदरांचा संसार, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की बोटभर खाली येतं. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं उभ्याउभ्या बघून साडेतीन लाख सांगितले. भंगारवाला पंचवीस हजार द्यायला तयार आहे. इंजिनच जाम असलेल्या गाडीवर एवढा खर्च करावा का, हा तुमचा प्रश्न.

मी कोल्हापुरात तीसेक वर्षं जुन्या गाड्यांचंच काम करतो. फियाट, अ‍ॅम्बेसेडर, जीप, अधूनमधून एखादी हेराल्ड. तुमच्या पत्रात इंजिन जाम असल्याचं तीनदा आलंय आणि दाराचं एकदाच, तेही जाता जाता. मला मात्र त्या दाराचीच काळजी वाटली.

इंजिनाची काळजी का नको, ते आधी सांगतो. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन आपल्याकडच्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्यांनी अंधारात, पावसात, रस्त्याच्या कडेला उघडलेलं आहे. पिस्टनच्या रिंगा चिकटल्या असतील, पिस्टन ज्यात खालीवर होतो ते बोअर गेलं असेल, क्रँक घासला असेल, तरी आमच्या उद्यमनगरात दोन गल्ल्यांत त्याचा निकाल लागतो. एका शेडमध्ये स्लीव्ह बसवून बोअर मारून देतात, पलीकडच्या शेडमध्ये क्रँक ग्राइंड होतो, हेडचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, तोंड सरळ करणारा तिसरा. सामान मिळतं ते टॅक्सीवाल्यांच्या कृपेनं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत भरल्यावर 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती थांबली. तोवर या गाडीच्या सामानाचा धंदा जिवंत होता आणि तो माल अजून संपलेला नाही. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेट, व्हील सिलिंडरचं किट, किंगपिन यांसाठी कुर्ला आणि पुण्यातली नाना पेठ पालथी घातली की काम होतं. अगदीच नाही मिळालं तर लेथवर बनवून घेता येतं. बुश म्हणजे शेवटी भोक पाडलेला धातूचा तुकडा.

पत्रा असा बाजारात मिळत नाही. आणि पद्मिनीत पत्रा हीच गाडी आहे.

जीप घ्या. तिला खाली शिडीसारखी चेसिस असते आणि वर बॉडी ठेवलेली असते. बॉडी पार कुजली तरी बोल्ट काढून उचला, दुसरी ठेवा, जीप तीच राहते. मद्रासच्या हेराल्डलासुद्धा खाली वेगळी चेसिस होती. फियाटनं 1953 मध्ये इटलीत जी 1100-103 काढली, तिला मात्र वेगळी चेसिस नव्हती. छत, खांब, फ्लोअर, दाराखाली गाडीच्या लांबीनं जाणाऱ्या पत्र्याच्या पोकळ पेट्या, सगळा पत्रा एकमेकांना जोडून एकच अंडं केलेलं. आपली डुक्कर फियाट तीच. पुढे 1964 ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी, ही सगळी कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली त्याच घराण्यातली भावंडं. अंड्याचं कवच एका जागी मऊ पडलं तर बाकीचं किती टणक आहे याला अर्थ उरत नाही.

म्हणून दार. दार लोंबायची कारणं दोन, आणि दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक म्हणजे बिजागरीची पिन झिजलेली. चाळीस वर्षांत ड्रायव्हरचं दार हजारो वेळा उघडलं जातं, तेव्हा पिन झिजणारच. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसरं म्हणजे बिजागरी ठणठणीत, पण ती ज्या खांबावर बसलीय त्या खांबाचा पाय कुजलाय. मग दार खांबालाच खाली ओढतंय आणि खांब पेटीत रुततोय. हे काम महिन्याचं, आणि ते करणारा माणूस मिळाला तर.

कुठलं कारण आहे हे पाच मिनिटांत कळतं, मिस्त्री लागत नाही. दार पूर्ण उघडा. कुलपाच्या बाजूनं खालून दोन्ही हातांनी धरा आणि हळूहळू उचला, सोडा, उचला, सोडा. सोबत्याला बिजागरीवर टॉर्च मारून बघत राहायला सांगा. पिनच्या जागी खुळखुळ होतेय आणि खांब स्थिर आहे, तर नारळ फोडा. पिन स्थिर आहे आणि बिजागरीसकट खांबाचा पत्रा श्वास घेतल्यासारखा आतबाहेर होतोय, तर उरलेली तपासणी बसून, शांतपणे करा.

ती तपासणी अशी. आधी गाडी धुऊ नका. लोक हौसेनं पाण्याचा पाइप मारतात आणि पंधरा वर्षं तग धरून राहिलेल्या पापुद्र्यांत पाणी भरतात. शिवाय गाडी कुठे आणि कशी गळत होती हे धुळीवरच्या ओघळांवरून वाचता येतं, ते पुसून जातं. झाडू घ्या, पालापाचोळा काढा. बॉनेटच्या मागे, काचेच्या खाली जी खोबण आहे, तिथला पाला हातानं काढा आणि खाली काय आहे ते बघा. माझ्या हातून गेलेल्या निम्म्याअधिक फियाट तिथून कुजायला लागल्या होत्या. पानं अडकतात, पाणी तुंबतं, ते आत झिरपून पायाखालच्या मॅटखाली बसतं. वरून मॅट कोरडी दिसते.

मग मॅट उचला. चारही. खाली डांबरी थर असेल तर तो कुठे फुगलाय का बघा. एक साधा स्क्रूड्रायव्हर घ्या आणि फ्लोअरवर, दाराखालच्या पेटीवर, जॅक लावायच्या जागी, मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथे बॉडीला टांगलेले असतात तिथे, बॅटरीखाली आणि डिकीच्या तळाला टोचत जा. चांगला पत्रा टण् वाजतो. कुजलेला पत्रा आवाजच करत नाही, स्क्रूड्रायव्हर बिस्किटात गेल्यासारखा आत जातो. गाडी तुमचीच आहे, तेव्हा टोचायला लाजू नका. जिथे भोक पडेल तिथे ते आधीच होतं, वर फक्त रंग होता.

पत्र्याखाली पुट्टी किती भरलीय हे बघायला फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून फिरवायचं. पत्र्यावर चिकटतं, पुट्टीवरून घसरतं. मडगार्डच्या कडेला घसरलं तर फार वाटून घेऊ नका, 1984 च्या गाडीला कुठेतरी ठोकर लागलेलीच असणार. पण दाराखालच्या पेटीवर घसरलं तर तिथे आधी कुणीतरी काहीतरी झाकून ठेवलंय.

यावरून माझी एक फजिती सांगतो. नव्वदीत, नुकतं स्वतःचं शेड टाकलं होतं तेव्हा, साताऱ्याकडून एक डिलाइट घेतली. इंजिन असं मधमाशीसारखं चालत होतं की बाकी काही बघितलंच नाही. चालवत आणली, कात्रजचा घाट नाही की काही नाही, सरळ हायवेनं. दुसऱ्या दिवशी बाजूनं जॅक लावला. जॅक वर गेला, गाडी जागच्या जागी राहिली. जॅकचं डोकं पेटीत घुसलं होतं. पेटी कापून बघितली तर आत घडी करून कोंबलेले वर्तमानपत्राचे कागद, त्यावर बोटभर पुट्टी, आणि त्यावर रिवेट मारून बसवलेला गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा. डबा उलटा कापून बसवलेला, त्यामुळे आतल्या अंगाला सूर्यफुलाचं चित्र शाबूत. आमचे वस्ताद बघायला आले. कितीतरी वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "फूल मात्र झकास आहे." त्या गाडीवर मी दीड वर्ष घालवलं. विकली तेव्हा वेल्डिंगच्या सळ्यांचे पैसेसुद्धा सुटले नाहीत. त्या दिवसापासून गिऱ्हाईक इंजिनाचं सांगायला लागलं की मी आधी गाडीखाली जातो.

आता शेवटची परीक्षा. चारही दारं बंद असताना प्रत्येक दाराभोवतीची फट बोटानं मापून ठेवा. मग पेटी जिथे टणक लागली तिथे लाकडी ठोकळा देऊन जॅक लावा आणि एका बाजूची दोन्ही चाकं जेमतेम सुटतील इतकी गाडी उचला. आता त्याच बाजूची दारं उघडून लावून बघा. पूर्वीसारखी लागली तर कवच धड आहे. दार अडकलं, किंवा वरची फट बंद होऊन खालची उघडली, तर गाडी मधून वाकतेय. अशा गाडीत माणसं बसवून साठच्या वेगानं जायचं का, हे तुम्हीच ठरवा. हे करताना गाडीखाली कुणीही जायचं नाही. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली तर कधीच नाही.

आता कोकणाबद्दल, कारण देवरुख वाचल्यावर मी कपाळाला हात लावला होता. गाडी किती वर्षं उभी आहे यापेक्षा ती कुठे उभी होती यावर सगळं ठरतं. माझ्याकडे सोलापूरजवळच्या एका वाड्यातून पंचवीस वर्षं बंद असलेली अ‍ॅम्बेसेडर आली होती. रबर सगळं दगड झालेलं, रंग उन्हानं खडूसारखा, पण खालचा पत्रा असा की पाना पडला तर खणखणेल. आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून सहाच वर्षं उभी असलेली फियाट आली, तिचं फ्लोअर झाडूनच भरलं. तुमच्या गावी चार महिने हवाच ओली असते. त्यात जमीन सारवलेली म्हणजे खालून ओल, शेजारी गोठा म्हणजे गोमूत्राची वाफ, ती पितळी कनेक्शनांना आणि वायरिंगला खाते. आणि वरून ताडपत्री घट्ट बांधलेली. गाडीची काळजी घेतोय असं समजून लोक ताडपत्री बांधतात आणि आत पाणी कोंडून ठेवतात. नुसतं छप्पर असतं आणि चहूबाजूंनी वारा असता तर गाडी जास्त टिकली असती. तुमच्या बाजूनं एकच गोष्ट आहे: देवरुख खाडीपासून बरंच आत आहे, समुद्राचं खारं वारं थेट लागत नाही. म्हणून मी अजून आशा सोडलेली नाही.

इंजिनाचं आता सांगतो, कारण तुम्ही किंवा शेजारचा कुणीतरी बॅटरी जोडून सेल्फ मारणार याची मला खात्री आहे. मारू नका. चिकटलेल्या इंजिनावर जोर लावला की रिंगा तुटतात आणि बोअरमध्ये ओरखडे पडतात. मग दुरुस्त होणारं इंजिन खरंच खराब होतं. आधी डिपस्टिक काढा. ऑइल काळं असेल तर चालेल, ताकासारखं पांढरट असेल तर आत पाणी गेलंय. रेडिएटरचं झाकण काढून पाणी आहे का, आणि कुठल्या रंगाचं, ते बघा. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं. गंजलेलं पाणी वर्षानुवर्षं आत राहिलं की ते अ‍ॅल्युमिनियम खातं आणि पाण्याच्या वाटा चाळणीसारख्या होतात. हेड हा इंजिनातला एकच भाग जो वाया गेला तर मला दुसरा शोधावा लागतो.

चारही प्लग काढा. निम्मं डिझेल आणि निम्मं इंजिन ऑइल असं मिश्रण प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे सोडा आणि भोकांवर कापड ठेवून आठवडाभर विसरून जा. परत थोडं सोडा. मग मागचं एक चाक उचला, दुसरं जमिनीवर दगड लावून पक्कं करा, टॉप गिअर टाका आणि उचललेलं चाक हातानं पुढेमागे डोलवा. झटका नाही, डोलवायचं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक इंजिनं सुटतात. नाही सुटलं तरी निराश व्हायचं कारण नाही, फक्त ते हेड खोलून, पिस्टन खालून ठोकून काढावे लागतील इतकंच. सुटलं तरी लगेच चालू करू नका. टाकीतलं पेट्रोल एव्हाना वार्निश झालेलं असणार, ते कार्बोरेटरमध्ये गेलं की दुसरं दुखणं. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. 1984 च्या रबरी नळ्या आणि इंजिनाला पेट्रोल ओढून देणाऱ्या पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नव्हते. ते सगळं बदलल्याशिवाय गाडीत पेट्रोल घालणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ब्रेक तर पूर्णच नवे धरा. चारही चाकांचे सिलिंडर आतून गंजलेले असणार. गाडी हलवायची तर टेम्पोवर चढवून हलवा, दोरीनं ओढून नको.

यापेक्षा जास्त वेळ एका वेगळ्याच कामाला द्या: काय काय हरवलंय याची यादी. सामान मिळतं म्हटलं ते फिरणाऱ्या आणि झिजणाऱ्या भागांचं. पुढची जाळी, चाकांच्या वाट्या, दारावरच्या चकचकीत पट्ट्या, मागच्या दिव्यांच्या काचा, स्टिअरिंगवरचं हॉर्नचं बटण, डॅशबोर्डवरची मीटरं हे त्या काळचं, मूळचं मिळवायला महिने जातात. पडवीच्या माळ्यावर, भाताच्या कणगीमागे, जुन्या ट्रंकेत बघा. गावाकडे गाडीचं सुटलेलं काहीच टाकून देत नाहीत. एका गिऱ्हाइकाच्या पद्मिनीची वाटी आम्हाला कोंबड्यांना पाणी ठेवलेली सापडली होती. चांगली राहिली होती, रोज पाण्यात असून.

कागदांचं आता. पंधरा वर्षांवरची गाडी महाराष्ट्रात चालवताच येत नाही, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. तो नियम दिल्लीकडचा. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि मग दर पाच वर्षांनी गाडी आरटीओत दाखवून, पर्यावरण कर भरून ती वाढवून घेता येते. तुमचा हिशोब 1984, 1999, 2004, 2009 असा लागतो, म्हणजे गाडी थांबली तिथेच नोंदणीही थांबली. फीचं सांगायचं तर 2022 च्या एप्रिलपासून अशा कारची नूतनीकरणाची फी 600 रुपयांवरून 5,000 झाली आणि 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती 10,000 केली गेली. उशिराचे महिन्याला 500 वेगळे. तुमच्या बाबतीत थकलेले महिने कुठून मोजणार, ते ऑफिसात जाऊन आकड्यानिशी लिहून घ्या आणि तो आकडा खर्चात धरा.

त्याआधी गाडी तुमच्या नावावर यायला हवी. मालक वारल्यावर वारसाच्या नावावर करायचा अर्ज म्हणजे फॉर्म 31. सोबत मृत्यूचा दाखला आणि आई, बहिणी यांची लेखी संमती. 1984 चं आरसी बुक हातानं लिहिलेलं असणार आणि ऑनलाइन शोधलं तर गाडी बहुधा दिसणार नाही. घाबरू नका. आरटीओत बॅकलॉग एंट्री करून ती चढवून घेतात, पण त्यासाठी मूळ बुक लागतं. म्हणून ते बुक शोधणं हे स्क्रूड्रायव्हर टोचण्याइतकंच महत्त्वाचं. ते हातात घेऊन बॉनेट उघडा आणि पाटीवरचा, पत्र्यात ठोकलेला आणि इंजिनावरचा नंबर बुकाशी ताडून बघा. मधल्या काळात इंजिन बदललं असेल आणि नोंद नसेल तर आत्ताच कळलेलं बरं.

आणखी एक. पत्रा फार गेलाय असं निघालं तर कुणीतरी नक्की सुचवेल की दुसरी चांगली बॉडी घेऊ आणि तुमचा नंबर कापून तिच्यावर चिकटवू. अशा माणसाकडे परत जाऊ नका. तो गुन्हा आहे, आणि शिवाय ती मग वडिलांची गाडी कशी?

व्हिंटेज नंबराबद्दलही विचारलंय. 2021 च्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेल्या आणि मूळ रूपात राहिलेल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो. तुमची गाडी 2034 मध्ये त्यात बसेल. पण त्या नंबरावर रोज भाजी आणायला जाता येत नाही. प्रदर्शन, रॅली, आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतंच ती बाहेर काढता येते. तुम्हाला गाडी चालवायची आहे, तेव्हा साधी नोंदणीच बरी.

आता साडेतीन लाख. गाडी न उचलता, मॅट न काढता सांगितलेला आकडा हा अंदाजसुद्धा नसतो, तो नवस असतो. सांगणारा लबाड असेलच असं नाही, पण त्यानं तुमच्यासारखंच इंजिन बघितलं असणार. माझ्या हिशोबात अशा गाडीच्या खर्चातला निम्म्याहून जास्त वाटा पत्रा आणि रंगाचा असतो, त्यातही सामानाचा थोडा आणि डेंटरच्या हाताचा फार. ज्याला गॅस वेल्डिंगनं पातळ पत्रा न वाकवता जोडता येतो आणि हातोडी-ठोकळ्यावर वाक काढता येतो, असे डेंटर आता साठीच्या पुढचे आहेत. पोरं नवीन गाड्यांचे बंपर बदलण्यात जास्त कमावतात, आणि त्यांचं चुकत नाही. म्हणून पत्रा, रंग, इंजिन, ब्रेक आणि खालचं काम, वायरिंग, सीट असा वेगवेगळा आकडा लिहून घ्या. पत्र्याचा आकडा बाकीच्यांपेक्षा लहान असेल तर त्यानं पत्रा बघितलेला नाही. वेळही विचारा. माझ्याकडे पूर्ण काम वर्षाच्या आत क्वचितच झालंय.

आणि पैसे परत येतील हे डोक्यातून काढून टाका. डुक्कर फियाट असती तर गोष्ट थोडी वेगळी, ती दुर्मिळ आहे. पद्मिन्या अडीच दशकं निघत राहिल्या. पूर्ण नवी केलेली पद्मिनी विकायला काढलीत तर घातलेल्याच्या निम्मे आले तरी नशीब समजा. 1984 म्हणजे मारुती नुकती आलेली, तरी तुमच्या वडिलांनी पद्मिनीच घेतली, आणि त्यासाठी नंबर लावून थांबलेही असतील. ते तुमच्यासाठी मोलाचं आहे. गिऱ्हाइकाला त्याचे पैसे मागता येत नाहीत.

म्हणूनच साडेतीन लाख की पंचवीस हजार, असे दोनच पर्याय धरू नका. मधला एक रस्ता आहे, आणि मला स्वतःला तोच आवडतो. पत्रा मूळचा धड असेल तर गाडी नवीन करायची नाही, फक्त चालती करायची. इंजिन, ब्रेक, टायर, वायरिंग, पेट्रोलची लाइन, सीटची गादी, बस. रंग आहे तसा. तुमच्या गाडीच्या डाव्या मडगार्डला पोचा आहे, तो वडिलांनी पाडलेला आहे असं तुम्हीच लिहिलंय. तो पोचा कशाला काढायचा? पुढे वाटलं तर रंग कधीही देता येतो. एकदा मूळ रंग खरवडला की तो परत आणता येत नाही.

फक्त काहीही ठरायच्या आधी गाडी खोलू देऊ नका. 'बघू तरी आत काय आहे' म्हणून सुरुवात होते, आणि मग पैसे संपतात, मिस्त्री गाव सोडून जातो किंवा मालकाची बदली होते. माझ्याकडे एक फियाट अकरा पोत्यांतून आली होती. कुठल्याच पोत्यावर चिठ्ठी नव्हती. ती जोडण्यापेक्षा कुजलेली पण अख्खी गाडी परवडते, कारण अख्खी गाडी स्वतःच सांगते कुठला नट कुठला.

तर तुमच्या बाबतीत माझं म्हणणं असं. दार उचलल्यावर पिन हलली, पेट्यांवर स्क्रूड्रायव्हर टणटणला आणि जॅकवर दारं लागली, तर मधला रस्ता धरा, इंजिन कितीही जाम असू दे. फ्लोअर गेलंय पण खांब आणि पेट्या शाबूत आहेत, तरीही करा. फ्लोअर सपाट पत्रा आहे, तो बनवता येतो. पण दोन्ही बाजूंच्या पेट्या, खांबाचे पाय आणि मागच्या पाट्यांच्या जागा असं सगळं एकदम गेलं असेल, तर मी तुमच्याकडून काम घेणार नाही. तेव्हा ती गाडी दुसरी पद्मिनी उभी करणाऱ्या कुणाला तरी सामानासाठी द्या. भंगारवाल्यापेक्षा तो जास्त देईल आणि तिची दारं, काचा, जाळी कुठल्यातरी गाडीवर पुन्हा रस्त्यावर येतील. भंगारातच द्यायची वेळ आली तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि आरटीओत नोंदणी रद्द करून घ्या. गाडी मोडीत निघाल्यावर चौदा दिवसांत कळवायचं असतं. नुसती टेम्पोत घालून दिलीत तर गाडी कागदोपत्री वडिलांच्या नावावर फिरत राहील, आणि कुठे काय निघालं तर नोटीस त्याच पत्त्यावर येईल.

आत्ता लगेच जाऊ नका. पडवीतली जमीन अजून ओली असेल, जॅक रुतेल आणि परीक्षा चुकीची निघेल. दिवाळीनंतर जा. तोवर घरी कुणाला तरी सांगून ताडपत्री काढून ठेवा, दारांच्या काचा उतरत असतील तर दोन बोटं खाली करून ठेवा. जाताना टॉर्च, चुंबक, स्क्रूड्रायव्हर, प्लगचा पाना आणि फूटभर लांबीचे दोन जाड ठोकळे न्या. डिकीतला जॅक गाडीबरोबरचाच असेल तर तो वापरू नका, पण सोबत घेऊन या. त्या काळचा मूळ जॅक हल्ली मिळत नाही. दाराच्या खांबाच्या पायाचा फोटो मात्र अगदी जवळून, टॉर्च तिरकी धरून काढा. समोरून उजेड मारला की फुगलेला पत्राही सपाट दिसतो.